वन बीएचके, ऐसपैस

रविवार, २१ सप्टेंबर २०२५. संध्याकाळ

गेले. परत इंदापूरलाच.

मोहित, सूनबाई आसावरी आणि नात ओवी पुण्याहून सर्वपित्रीच्या जेवणाला आले, जेवले आणि पाच वाजता गाडीत बसले. मुक्काम व्याह्यांच्या बंगल्यावर. सख्ख्या बापाचं घर बारामतीत आणि पोरगा झोपायला तासभर लांब सासऱ्याकडं. लग्नानंतर एकदाच राहिले होते. दोन रात्रींचं ठरवून आलेले, एका रात्रीतच पुण्याला अर्जंट काम निघालं.

आज जिना उतरताना ओवी आईला म्हणाली, आजोबांकडे जागाच नसते. माझे कान तिखट. दुसऱ्या मजल्यावरून स्पष्ट ऐकलं. चार वर्षांचं लेकरू, खोटं कशाला बोलेल?

कारण सापडलं. जागा.

फ्लॅट घेतला तेव्हा राजवाडा वाटला होता. पुढं जे कमावलं ते दुकानात घातलं. ठिबकचे पाइप, फिटिंग, मोटारी. त्यामुळं दुकान ऐसपैस झालं आणि घर होतं तेवढंच राहिलं.

संकल्प: यंदा दिवाळीची पहिली अंघोळ ओवी याच घरात करणार. म्हणजे आदल्या रात्रीचा मुक्काम इथंच. त्याआधी घर मोठं करायचं. भिंती न हलवता.

सोमवार, २२ सप्टेंबर. सकाळ

पहाटे पाचला उठून कळंबच्या आणि सणसरच्या गिऱ्हाइकांचे फोन उरकले. स्पीकरवर बोलतो, हात मोकळे राहतात, चहा टाकता येतो. शेतकरी माणूस मोटारीपाशी उभा असतो, त्याला ऐकू जायला आवाज थोडा लावावा लागतो.

मग घर सजवण्याचे व्हिडिओ पाहिले. मोठ्यानंच लावले, सिंधूलाही माहिती व्हावी. ती पांघरुणातून म्हणाली, अवो, घट बसायचेत आज, जरा तरी शांतता ठिवा.

व्हिडिओंचं सार: पांढरा रंग, मोठा आरसा, बुटकं फर्निचर, अडगळ बाहेर. यात अवघड काय आहे? या कामाचे लोक लाखांनी पैसे घेतात.

एका व्हिडिओत हॉलच्या मधोमध झुंबर लावलेलं. फार उठून दिसत होतं. सिंधूला दाखवलं. म्हणाली, एक झुंबर हाय तेवढं पुरं झालं.

बायको नवऱ्याच्या नावावर विनोद करणारी असली की संसार हलका होतो.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

अडगळ मोहीम.

माळ्यावरून वास्तुशांतीचा आहेर काढला. भिंतीवरची घड्याळंच घड्याळं. त्या वर्षी सगळ्या पाहुण्यांना एकच कल्पना सुचली होती. टाकायची सोय नाही. प्रत्येक घड्याळामागं देणाऱ्याचं नाव, आणि देणारा आला की आधी भिंतीकडं बघतो.

युक्ती केली. सगळं सामान दुकानातल्या दीपकबरोबर पिकअपमध्ये घालून कळंबला सरुआक्काकडं रवाना केलं. आक्का माझी थोरली बहीण, तिच्याकडं घर मोठं. संध्याकाळी पिकअप परत आली. आत बाजरीची दोन पोती, कांद्याचं एक आणि भोपळे. दीपक म्हणाला, आत्या म्हणल्या, भावाच्या घरी गाडी रिकामी कशी धाडू?

पोती सध्या हॉलमध्ये आहेत. पण धान्य म्हणजे लक्ष्मी, ती अडगळीत धरत नाहीत. अडगळ गेलीच.

बुधवार, १ ऑक्टोबर

रंग झाला. दारं, खिडक्या, कपाट, सगळं पांढरं. डोळे दिपतात. सिंधू म्हणते, सलाइन लावायला आडवं व्हावं असं वाटाय लागलंय.

शेजारच्या भामाबाई डोकावल्या आणि हळू आवाजात विचारून गेल्या, कोण आजारी हाय?

रंग वाळेस्तोवर गप्प बसवेना. दोनदा हात लावून पाहिला. आता भिंतीवर माझे दोन पंजे आहेत. ओवीला गंमत वाटेल.

शनिवार, ४ ऑक्टोबर

इंदापुरात एक सलून बंद होतंय कळलं. तिथला आरसा आणला. अख्खी भिंत व्यापतो. पिकअपमध्ये चढवताना नेमके व्याही विजयसिंह तिथून चालले होते. थांबले, दोर धरायला हात दिला आणि म्हणाले, झुंबरराव, एवढी तगमग कशाला? आमच्याकडं या की राहायला, बिगरआरशाचंच मोठं हाय.

हसलो. गाडीत बसल्यावर हसणं बंद केलं.

आरसा लावला. हॉल दुप्पट! सिंधूनं कमरेवर हात ठेवून पाहिलं आणि म्हणाली, आधी तीन पोती हुती, आता सहा झाली.

एक फायदा लक्षात आला. फोनवर बोलताना समोर स्वतःला बघता येतं. मी बोलताना बरा दिसतो. आज एका गिऱ्हाइकाशी नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ बोललो. शेवटी त्याची रेंज गेली.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

फर्निचर बुटकं असलं की छत उंच वाटतं. पाइप कापायच्या करवतीनं सोफ्याचे पाय कापले. मग टीपॉयचे. छत खरंच वर गेलं.

दुपारी पळसदेवचे तात्या आले, जुनं गिऱ्हाईक. सोफ्यावर बसले. बसले म्हणजे खालीच गेले. जरा वेळानं उठायला लागले तर उठता येईना. संधी साधून मी त्यांना सुरुवातीपासून सगळं सांगितलं: सायकलला पाइपची वेटोळी बांधून गावोगाव कसा हिंडलो, पहिल्या उन्हाळ्यात एकही तुकडा कसा विकला नाही, वालचंदनगरच्या रस्त्यावर चेन कशी तुटली. तात्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मधेच उठून न जाणारा असा माणूस आजकाल मिळत नाही.

मग दीपकला दुकानातून बोलावलं आणि दोघांनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. दारात म्हणाले, झुंबर, पुढल्या खेपेला मी खालूनच हाक मारतो, तू ये.

माणूस संकोची आहे.

सोमवार, १३ ऑक्टोबर

परवा हॉल आणि बेडरूममधलं दार काढलं. दार म्हणजे जागेचा गळाच आवळलेला. आता या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. आवाजही कसा खुला वाटतो. पहाटेचे फोन केले तर प्रत्येक शब्द बेडरूममध्ये घुमत होता, सिंधूच म्हणाली.

ती कालपासून स्वयंपाकघरात झोपते. आत कडी लावून. म्हणजे बेडरूम आणखी मोकळी झाली.

दिवस कमी उरले. जीव थाऱ्यावर नाही. मधेच उठून टेप घेऊन भिंत मोजतो. तेवढीच भरते.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

दिवाण विकला. त्याच्या जागी स्वतःच्या डिझाइनचा घडीचा पलंग. दुकानातलाच पाइप, एल्बो आणि टीचे जोड, वर कॅनव्हास. दिवसा भिंतीला उभा, रात्री दोरी सोडली की आडवा. मोहितला झोपायला. शहरात याला फार किंमत पडते. सिंधू म्हणाली, मांडवाचा सांगाडा दिसतोय.

मोहितला फोन केला. रविवारी या आणि राहा. तो म्हणाला, बघू आबा, आसावरीला विचारतो. मागून सूनबाईचा आवाज आला, दबका, पण मला आला: तूच बोल ना त्यांच्याशी एकदा, नीट.

पोरगी समंजस आहे. बापलेकांचं बोलणं व्हावं असं तिला वाटतं. मग मीच विषय काढला. त्याचा फ्लॅटचा हप्ता, गाडीचा हप्ता, ओवीच्या शाळेची फी आणि या तिन्हीत तो कुठं चुकला. चांगलं पाऊण तास मनमोकळं बोलणं झालं. तो फक्त हो आबा, हो आबा म्हणत होता. शेवटी त्याला काहीतरी सांगायचं होतं, पण माझा दुसरा फोन वाजला.

रविवार, १९ ऑक्टोबर. रात्री नऊ. दुकानात

सगळं क्रमानं लिहितो.

चार वाजता आले. सूनबाईंनी दारातच तोंडावर हात नेला, म्हणाल्या, अय्या, केवढं मोठं वाटतंय! ओवीनं आरशात पाहून उड्या मारल्या. मोहित सोफ्यावर बसणार होता, त्याला वेळीच अडवलं.

पण बॅगा वर आल्या नाहीत. गाडीच्या डिकीतच. मी विचारलं नाही. थोडा वेळ विचारलं नाही. मग विचारलं. मोहित म्हणाला, आबा, पाहू ना, आधी चहा घेऊ.

म्हणून पलंग दाखवला. दोरी सोडली. पलंग आडवा झाला आणि आडवा होऊनही थांबला नाही. चिवड्याच्या डब्यावर गेला, डबा आरशावर. आरसा फुटला नाही, कोपऱ्यात तडा गेला फक्त. कुणाला लागलं नाही. चिवडा सगळीकडं. ओवी खदखदून हसली. मी तिला समजावून सांगायला बसलो की चूक डिझाइनची नसून एल्बोची आहे. बराच वेळ सांगितलं. तिचं हसू हळूहळू थांबलं आणि ती आईच्या मांडीवर जाऊन बसली.

मग मोहितनं घड्याळ पाहिलं. निघतो आबा, म्हणाला. उद्या पहाटे अंघोळीच्या वेळेला येऊ इकडे. चपला घालायला गेला.

एवढा रंग, एवढा आरसा. तोंड उघडलं तर पाण्याच्या दाबाबद्दलच काहीतरी बोललो.

तेवढ्यात सिंधू स्वयंपाकघरातून आली, हाताला बेसन लागलेलं, आणि अगदी सहज म्हणाली, अवो, दुकानात नवा माल आलाय न्हवं? दिवाळीत चोऱ्या लई व्हत्यात. आज तितंच झोपता का?

मुद्दा बरोबर होता. मी म्हणालो, मी तेच म्हणणार होतो.

मोहितच्या एका पायात चप्पल होती, दुसरी हातात. तो सूनबाईकडं बघत राहिला. सूनबाई ओवीकडं. मग त्यानं घातलेली चप्पलही काढली, तसाच अनवाणी खाली गेला आणि दोन बॅगा आणि ओवीची उशी घेऊन वर आला.

राहिले! मोकळी जागा नजरेत भरायला जरा वेळ लागतो, एवढंच.

अंथरूण घेऊन दुकानात आलो. पाइपच्या वेटोळ्यांवर गादी बरी बसते.

सोमवार, २० ऑक्टोबर. सकाळ

पहिली अंघोळ घरात झाली. संकल्प पुरा.

पहाटे पोचलो तेव्हा जिन्यातच उटण्याचा वास. सिंधू ओवीच्या पाठीला तेल लावत होती आणि ओवी ओरडत होती, आजी गार, गार! मोहित लुंगीवर, आरशासमोर बसून चहा पीत होता. माझ्या घरात माझा पोरगा लुंगीवर. डोळ्यांत पाणी आलं. उटणं झोंबतं.

फराळाला बसलो. ओवीला दिवाळीची गोष्ट म्हणून सायकलची गोष्ट सांगायला घेतली. चेन तुटते तिथवर आलो, तर मोहित म्हणाला, आबा, दुकान उघडायचं असेल ना तुम्हाला?

धंद्याची काळजी त्याला आजवर कधी नव्हती. घराचा परिणाम.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन दुकानात केलं. घरचं मोहितनं केलं म्हणे. कालही राहिले, आजही राहणार. सिंधूचा फोन आला. म्हणाली, समदी बेडरूमात उशिरापर्यंत लोळत्यात, पत्ते खेळत्यात, घरात कसं ऐसपैस वाटाय लागलंय.

ऐसपैस. तिच्याच तोंडचा शब्द. पांढरा रंग वाया गेला म्हणणाऱ्यांनी ऐकावं.

संध्याकाळी तिकडं चक्कर मारायची होती. सिंधू म्हणाली, कशाला दमता, डबा धाडते. डब्यात करंज्या होत्या. करंज्या उत्तम. दुकानात बसून एकट्यानं खायला जरा कोरड्या लागतात.

बुधवार, २२ ऑक्टोबर. पाडवा

औक्षण सिंधूनं दुकानातच येऊन केलं. दोन मोटारींच्या मधे पाट मांडला. साडी नवी, चेहरा झोप पुरी झाल्यासारखा टवटवीत. मी म्हटलं, आज रात्री येतो घरी. ती निरांजनाकडं बघत म्हणाली, या की, तुमचंच घर हाय.

अंथरूण गुंडाळलं. दाढी केली. निघण्याआधी फोन लावला, जेवायला काय केलंय विचारावं म्हणून. मागं पत्ते चालले होते, सूनबाई मोठ्यानं हसत होत्या. त्यांचं हसणं मी आजवर ऐकलंच नव्हतं. सिंधूनं सांगितलं, तुमचे आबा येत्यात.

हसणं थांबलं. ओवी म्हणाली, आजोबा येणार? मग आपण आज झोपायला इंदापूरला जायचं का?

सिंधूनं फोनवर हात ठेवला असावा, कारण पुढचं काही कळलं नाही. हात काढल्यावर ती म्हणाली, हं, बोला.

मी म्हणालो, अगं विसरलोच, मालाची अजून एक गाडी यायचीय. भाऊबीजेपर्यंत इथंच थांबावं लागेल.

ती म्हणाली, डब्यात पुरणपोळी घालते. दूध गरम करून घ्या.

अंथरूण परत पसरलं. कुठलीच गाडी यायची नाही.