खडूच्या सात रेघा

बाबा, आईचं पाऊल आता उचलत नाही. तुम्ही गेलात तेव्हा ती भरलेली कळशी कमरेवर घेऊन न थांबता जिना चढायची, त्यामुळे तुम्हाला हे पटायचं नाही. चार वर्षांपूर्वी तिला कंपवात झाला. हात थरथरतात ते सगळ्यांना दिसतं, पाय थिजायचे ते मात्र मलाच ठाऊक. चालता चालता मध्येच उभी राहायची, बहुतेक दाराच्या चौकटीत, आणि तळवे लादीला डकवल्यासारखे व्हायचे. "पाय उचलत नाय गं बाय," म्हणायची, आणि स्वतःच्या पायांकडे असं बघायची जणू ते शेजारणीचे आहेत. एकदा निघाली की मात्र थांबता यायचं नाही. पुढे झुकून बारीक बारीक पावलं टाकत ती सुटायची ते थेट भिंतीपर्यंत, म्हणून मी आधीच भिंतीपाशी हात पसरून उभी राहायचे. तुमचा गतीचा पहिला नियम आमच्या नवीन पनवेलच्या दोन खोल्यांत राहायला आलाय आणि तुम्ही आहात फोटोत.

तो नियम तुम्हीच आम्हाला शिकवलात. नववीत होते मी, तुमच्याच वर्गात, आणि सरांची मुलगी असण्याचा एका पैचाही फायदा नव्हता. शाळेच्या प्रयोगशाळेत मोडका तराजू सोडला तर काही नव्हतं, म्हणून तुम्ही भाजीवाल्याची हातगाडी मागून आणलीत, तिच्यावर विटा रचल्यात आणि आम्हाला मागच्या पटांगणात ढकलायला लावलंत. सुरुवातीला पाच जणांनी जोर लावूनही हलेना, मग हलली तेव्हा ढकलायला दोघं पुरले, आणि कुंपणाजवळ थांबवायला पुन्हा पाचही जण लागले. थांबलेल्याला थांबून राहायचं असतं, चालत्याला चालत, बाहेरून बल लागल्याशिवाय दोघंही आपली सवय सोडत नाहीत, असं तुम्ही समजावलंत. मग विचारलंत, ढकलायचं सोडलं तरी सपाट जमिनीवर गाडी शेवटी थांबते, ती का? मी हात वर केला आणि म्हणाले, "दमते म्हणून." सगळा वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही चिडलात की पुस्तकी मराठी गळून पडायची आणि आपल्या नेरे गावची बोली वर यायची. "वस्तू दमत नाय. मानूस दमतो," असं म्हणून तुम्ही मला 'घर्षण' हा शब्द पन्नास वेळा लिहायला लावलात. संध्याकाळी घरी चहा पिताना हे आईला रंगवून सांगितलंत, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "खराच बोलली पोर. मी दमली का माजी कळशी पन दमते." तुम्ही उरलेला चहा एका घोटात संपवलात. विज्ञानाच्या शिक्षकाला चुलीपुढे हरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तिला तुम्ही एकच धडा दिलात, तोही सायकलवर. रविवारी तुम्ही तिला मागे बसवून पनवेलच्या बाजाराला आणायचात आणि उतारावर तुमचा ब्रेक धड लागायचा नाही. चालत्या सायकलवरून उतरायचं तर सायकल जाते त्याच दिशेला दोन पावलं धावायचं, नाहीतर तोंडावर आपटशील, असं तुम्ही तिला शिकवलंत. ती नऊवारीचा काठ दातात धरून उडी मारायची आणि दोन पावलं धावून ऐटीत उभी राहायची. मी पुढच्या दांडीवर बसून मागे वळून बघायचे. अलीकडे ती खोलीतून धावत सुटायची तेव्हा मला तेच दिसायचं. उतरलीय सायकलवरून, दोन पावलं संपत नाहीयेत, आणि सायकल कधीच पुढे निघून गेलीय.

आईला व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची, तिने सांगितलं की जमिनीवर आडव्या रेघा मारून बघा. मला आधी हसू आलं. मग ट्रंकेतून तुमची खडूंची पेटी काढली. तुमच्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशातले तुकडे धुवायच्या आधी आई काढायची, तुमच्या नावाने बोटं मोडत, आणि एक एक जपून ठेवायची. चकचकीत लादीवर खडू उमटत नाही, म्हणून तो पाण्यात बुडवून पलंगापासून न्हाणीपर्यंत सात रेघा मारल्या. बाबा, ती चालली. पहिल्या रेघेवरून पाऊल उचललं, मग दुसऱ्या, लहान मुली ठिकरी खेळतात तशी सातही रेघा ओलांडून न्हाणीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तरांचा खडू हाय." मी तिथेच खाली बसून रडले. त्यानंतर रोज लादी पुसली की रेघा जायच्या आणि ती पलंगावरून हाक मारायची, "रेघ मार गं बाय." रेघेला वजन नाही, ती ढकलत नाही, ओढत नाही. मग थांबलेल्या पायाला ती हलवते कशी, हे मला तुम्हाला विचारायचं होतं. मी स्वतः घरी नववी-दहावीचे क्लास घ्यायचे, पण मला सांगता येत नाही.

त्या दिवशी पाच वाजता क्लास होता. आईला पावणेपाचला न्हाणीतून आणत होते. ती दारातच थिजली. सकाळच्या रेघा मी दुपारी पुसल्या होत्या आणि परत मारल्या नव्हत्या, कंटाळा आला होता. खाली मुलांच्या सायकली लावल्याचा आवाज आला. वरून विमान गेलं, हल्ली सारखी जातात, त्यात ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. मग बेल वाजली. मुलांनी तिला अशा अवस्थेत, परकर भिजलेला, बघू नये एवढंच माझ्या मनात होतं. निदान मी स्वतःला तसं सांगते. मी म्हणाले, "चल ना आई." ती हात सोडवून घेत म्हणाली, "सोर मना, येतंय मी, सोर." बेल परत वाजली आणि मी तिचे दोन्ही हात धरून जोराने ओढलं. तिचं अंग पुढे आलं, पाय तिथेच राहिले. बस अचानक थांबली की उभा माणूस पुढे का पडतो, हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवत आलेय.

खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण ती पुन्हा चालेल असं डॉक्टर म्हणत नाहीत, आणि चालणार नाही असंही म्हणत नाहीत. ती स्ट्रेचरवर असताना त्यांनी विचारलं होतं, कशा पडलात आजी? मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "लादी वली व्हती. पाय सरला माजा." भाऊ बंगळूरहून आला तेव्हा त्यालाही तिने तेच सांगितलं. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तू आहेस म्हणून आईचं सगळं होतंय." मी त्याला चहा ठेवला.

क्लास बंद केलेत. दवाखान्यातून तिला आणायच्या आदल्या दिवशी मी सात रेघा मारून ठेवल्या होत्या. महिना होत आला, लादी त्यांच्या कडेकडेने पुसते, त्यामुळे त्या अजून तशाच ठसठशीत आहेत. ती पलंगावरून त्यांच्याकडे बघते आणि रेघ मार असं आता म्हणत नाही. माझा हात मात्र धरून ठेवते, त्याच हाताने ओढलं हे ठाऊक असून. माफी मागायची म्हणून मी दोनदा तिच्याजवळ बसले आणि दोन्ही वेळा औषध देऊन उठले. हे पत्र तुमच्या खडूंच्या पेटीत तळाशी ठेवणार आहे, तिथे ते कुणी वाचणार नाही. म्हणून इथे लिहिते. लादी कोरडी होती, बाबा. आणि ती डॉक्टरांशी खोटं बोलली तेव्हा, ती तिथे कळवळत असताना, मला सुटल्यासारखं वाटलं.