लेकीचं स्टिअरिंग मीच दुरुस्त करणार

२ मार्च, रविवार

लेकीचं रेसिंग गेमचं स्टिअरिंग बिघडलं. म्हणजे स्टिअरिंग ठीक आहे, त्याच्यासोबतचे खालचे पेडल बिघडलेत. ब्रेक पाय न लावताच मधूनमधून लागतो. तेवीस तारखेला संध्याकाळी पाच वाजता तिच्या ऑनलाइन लीगची शेवटची रेस. पहिल्या तिघांत आली तर वरच्या लीगमध्ये जाणार. दोन वर्षं त्यासाठी घासतेय. दुरुस्तीवाल्याकडे टाकते म्हणाली. मी म्हटलं, घरात माणूस असताना? मिक्सर कोणी दुरुस्त केला? बायको म्हणाली, तेव्हापासून तो फक्त तीन नंबरवर चालतो. चालतो ना पण!

खरं सांगायचं तर (इथे कोण वाचतंय?) लेक एकोणीस वर्षांची झाली आणि तिच्या खोलीचं दार बंद झालं. जेवताना हो, नाही, बघू. आज पेडलच्या निमित्ताने तिने स्वतःहून आत बोलावलं. चांगली पंधरा मिनिटं बोललो. ही संधी मी दुरुस्तीवाल्याला देऊ?

एकवीस दिवस हातात आहेत. काम अर्ध्या तासाचं.

३ मार्च, सोमवार, संध्याकाळी ७

पेडल उघडले. चौदा स्क्रू. लेक म्हणाली, आधी फोटो काढून ठेव. मला अजून शाळेतल्या अख्ख्या वर्गाची हजेरी पाठ आहे. चौदा स्क्रूंचं काय एवढं!

७.४०. तेरा स्क्रू.

८.१५. चौदावा सोफ्याखाली नाही. सोफा हलवताना पाठ धरली. उद्यापासून व्यायाम.

४ मार्च

पाठ.

६ मार्च, गुरुवार

रोग सापडला! प्रत्येक पेडलच्या बुडाशी रेडिओच्या बटणासारखं एक गोल फिरतं बटण असतं. पाय किती दाबला ते कॉम्प्युटरला तेच कळवतं. ब्रेकच्या बटणात धूळ गेलेली. बस, एवढंच. इंटरनेटवर एक जण सांगतो की त्यासाठी वेगळा स्प्रे मिळतो, तोच मारा, दुसरं काही घालू नका. हे सगळे स्प्रेवाल्यांचे हस्तक. मी बायकोच्या शिलाई मशीनचं तेल घातलं, सढळ हाताने. तेलाने आजवर कोणाचं वाईट झालेलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

आधी ब्रेक मधूनमधून लागायचा. आता कायम लागलेला आहे. लेकीला समजावलं की निदान बेभरवशाचा कारभार तरी संपला. तिने दार लावून घेतलं. बायको तेलाची बाटली शोधतेय. मीही शोधू लागलो.

९ मार्च, रविवार

बरं झालं मी लक्ष घातलं! स्टिअरिंगमध्येही बिघाड आहे आणि तो दोन वर्षांत कोणाच्या ध्यानात आला नाही. लेक बाहेर गेली होती. प्लग लावला, तर चाक आपोआप फिरायला लागलं. आधी पार डावीकडे, मग पार उजवीकडे. कोणी हात लावलेला नसताना! झडप घालून धरलं. त्याने जोर लावला, मी दुप्पट जोर लावला. शेवटी थांबलं. माझ्या घरात माझ्यापुढे चाकाची मिजास चालणार नाही.

संध्याकाळी लेक म्हणाली, ब्रेकमुळे गाडी रखडतच चालते, आणि आता चाक सरळ धरलं तरी डावीकडे जाते. मी म्हटलं, वय झालं असेल. चाकाचं.

१० मार्च

रोज प्लग लावताना दोन्ही हातांनी घट्ट धरायचं, आठवड्यात खोड मोडेल, असं ठरवलं. आज गाडी उजवीकडे जात होती. म्हणजे सुधारणा आहे.

लेक आजपासून रोज संध्याकाळी टीममधल्या मैत्रिणीकडे जाणार आहे. अभ्यास असेल. रेसच्या तोंडावरही अभ्यास करते, माझ्यावर गेली आहे.

१२ मार्च, बुधवार

खोड मोडत नाही. दंड भरून आलेत, चमचाही उचलवत नाही. बायकोने विचारलं, तर जिमला जातोय म्हणालो. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

१३ मार्च, गुरुवार

ऑफिसमधून दुरुस्तीवाल्याला फोन केला. सल्ला घ्यायला नव्हे, त्याला किती कळतं ते बघायला. त्याने विचारलं, चालू करताना चाक धरून ठेवता का? अभिमानाने हो म्हटलं. तो म्हणाला, साहेब, ते दोन्ही टोकांना जाऊन स्वतःचा मध्य शोधतं, धरलं तर चुकीच्या जागेलाच मध्य समजतं, हात लावू नका, बाकी काही करायची गरज नाही.

घरी येऊन माहितीपुस्तिका काढली. पहिल्याच पानावर चाकाचं चित्र, त्यावर दोन हात आणि हातांवर लाल फुली. मला वाटलं होतं की हात धुवून घ्या असं काहीतरी असेल. चित्रं नीट काढत नाहीत आणि मग त्रास आपल्याला. पाच दिवस फुकट गेले, जीव नुसता विटून गेला.

१५ मार्च, शनिवार

हात न लावता प्लग लावला. चाक डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, मधोमध येऊन उभं राहिलं. स्टिअरिंगची दुरुस्ती पूर्ण! लेकीला सांगायला गेलो, तर तिने विचारलं की बाबा, ते बिघडलंच कधी होतं? आजकालच्या मुलांना कृतज्ञता म्हणून नाही.

आता फक्त ब्रेक.

१६ मार्च, रविवार

ब्रेकचं नवीन बटण आणलं, तापवून वायरी जोडायचं सोल्डरिंग आयर्नही आणलं. तीन वायरी. आठवीत कार्यानुभवात मला बक्षीस होतं (वेताच्या टोपलीसाठी, पण हात तोच). दुपारभर बसून जोडल्या. अंगठा भाजला. जेवणाच्या टेबलावर एक डाग पडला. त्यावर कायम फुलदाणी ठेवायची.

लेकीला हाक मारली. तिने ब्रेक दाबला, गाडी सुसाट सुटली. तिने वेग द्यायचा पेडल दाबला, गाडी थांबली. परत बसवताना आतल्या दोन पिनांची अदलाबदल झाली म्हणे. फोटो काढला असता तर, असं ती म्हणाली नाही, पण मला ऐकू आलं. मी सुचवलं की पाय बदलून बघ, चार दिवसांत सवय होईल. ती नुसतं 'बाबा' म्हणाली. पूर्वी ती दमली की असंच म्हणायची आणि मी तिला उचलून घ्यायचो.

१८ मार्च, मंगळवार

पिना बदलल्या. एक वायर निघाली. ती जोडताना दुसरी चिकटली. प्लग लावला. धूर.

फार नाही. पण धूर.

बायको म्हणाली, आता तरी त्या माणसाकडे दे, की घर पेटायची वाट बघतोयस? मी म्हटलं, धूर निघाला म्हणजे आत करंट पोचतोय. ती खिडक्या उघडत होती. मला रागाने रडू येतंय. कोणावर रागावलोय तेच कळत नाही.

२० मार्च, गुरुवार

सगळं सामान पिशवीत घालून दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने पेडल उघडले आणि नाक जवळ नेलं. शिलाई मशीनचं तेल, असं वासावरून सांगितलं. आधी कोणी उघडलं होतं, विचारलं. होता एक जण, म्हटलं. तो म्हणाला, पुन्हा त्या माणसाकडे देऊ नका. नाही देणार, म्हटलं. दुरुस्ती होईल, पण मंगळवारी मिळेल. रेस रविवारी. मी हात जोडले. तो म्हणाला, पहिल्या दिवशी आणलं असतं तर समोर बसवून दहा मिनिटांत करून दिलं असतं.

लेकीला कसं सांगू?

२१ मार्च, शुक्रवार

सांगितलं. तिला धक्का बसेल म्हणून आधी खाली बसवलं, पाणी दिलं. पाणी मलाच प्यावं लागलं. मैत्रिणीकडे पेडलसकट एक जादा स्टिअरिंग आहे. दहा तारखेपासून लेक रोज तिथेच सराव करतेय, आणि रविवारी ते घरी आणणार आहे. मग मला आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तू इतका मनापासून लागला होतास. आईच म्हणाली, राहू दे, करू दे त्याला.

अकरा दिवस दोघींना माहीत होतं! मी अंगठा भाजून घेतला. रात्री जेवलो नाही. म्हणजे थोडंसंच जेवलो.

२३ मार्च, रविवार, सकाळी ११

लेकीने स्वतःहून विचारलं, रेस बघायला येतोस का? अट एकच, हात मांडीखाली ठेवायचे. मी म्हटलं, हा अपमान आहे. साडेचारला खुर्ची नेतो.

संध्याकाळी ७

दोन वर्षांत मी तिची एकही रेस पाहिली नव्हती. वेळच मिळाला नाही, दुरुस्तीतच गेला. (ही दुरुस्ती तीन आठवड्यांचीच होती. त्याआधी का नाही पाहिली, आठवत नाही.)

पाच वाजता सुरू झाली. कानांवर हेडफोन, डोळे समोर, मनगटं कशी झटझट फिरत होती! ही एवढी कधी शिकली? पडद्याच्या मधोमध एक हिरवी गाडी. काय पळत होती! कोपरे काय कापत होती! वीस चकरा मी तिच्यामागे ओरडत होतो. हात मांडीखाली, तोंड मोकळं. बायको दारात येऊन बघून गेली. शेवटच्या वळणावर लेकीने ब्रेक दाबून चाक किंचित आत वळवलं, आणि मी ओरडलो, सांभाळ, कडेकडेने जा! हिरवी गाडी तिसरी आली. मी खुर्चीत उड्या मारल्या. जिंकलो म्हणालो, वरची लीग म्हणालो, तुझ्या आजोबांना फोन लाव म्हणालो.

लेकीने हेडफोन काढले. मी पुन्हा सगळं सांगितलं. मग तिने समजावून सांगितलं, अगदी हळू, मी तिला सायकल शिकवताना सांगायचो तसं. आपली गाडी पडद्यावर दिसत नाही, आपण तिच्या आत बसलेलो असतो. हिरवी गाडी समोरच्याची होती. वीस चकरा लेक त्या गाडीलाच मागे टाकायला बघत होती. लेक चौथी आली.

मग ती हसली. मग हसताहसता रडायला लागली.

मी विचारलं, आता हात काढू का? ती म्हणाली, काढ, पण कशाला हात लावू नकोस. मग नुसता शेजारी बसून राहिलो.