रामजीने शिडी नेली

शिडी खांद्यावर टाकून रामजी चालू लागला, तेव्हा मी कलमाच्या बेचक्यात बसलो होतो आणि हातात एकच आंबा होता. मी वरून ओरडलो, अरे, मी मालक आहे. तो मागे न बघता म्हणाला, "पकडल्यावर सगळे मालकच असतात."

चि. स्नेहल, अनेक आशीर्वाद. (हे आधी लिहायचं असतं, ठाऊक आहे. पण पहिल्याच ओळीत झाडावरून उतरलो असतो तर तू पुढे वाचलं नसतंस.) पुण्यात उकाडा असेल. तुझ्या प्रयोगशाळेत गार असतं म्हणतेस, तर शाल ठेव. इथे रत्नागिरीत आम्ही बरे आहोत. काकीची तब्येत उत्तम, माझी तुला माहीत आहे तशी. सकाळी बोटं मिटत नाहीत, कप दोन्ही तळव्यांत धरावा लागतो, दुपारनंतर सैल होतात.

फोनवर तू समजावलंस की हा संधिवात म्हातारपणाचा नाही. शरीरातले राखणदार आपल्याच सांध्यांना परके समजून त्यांच्यावर तुटून पडतात. ते असे का बहकतात हे तुम्ही शोधताय आणि त्यासाठी माझं रक्त हवं. मी हो म्हटलं. रक्त देण्याआधी महिनाभर काढे बंद ठेवा, म्हणालीस. त्यालाही हो म्हटलं. (हो म्हणायला बोटं लागत नाहीत.)

आता रामजी. हा राजापूरकडचा, बागेच्या राखणीला आजच ठेवलेला. तुझ्या काकीने त्याला आल्या आल्या पोटभर घावणे खाऊ घातले आणि बजावलं की झाडाला कोणालाही हात लावू द्यायचा नाही. हे 'कोणालाही' माझ्यासाठी होतं, सांधे धरलेले असताना मी चढू नये म्हणून. पण तिने नाव घेतलं नाही (नवऱ्याचं नाव ती अजून घेत नाही), आणि त्याने तोवर मला पाहिलेलं नव्हतं. मी संध्याकाळी चढलो. तुला पाठवायच्या पेटीतला एक तरी आंबा या हातांनी तोडलेला असावा, एवढंच मनात होतं.

वर बसून मला तुझं संशोधन कळलं. राखणदार वाईट नव्हता. इमानी होता, खाऊनपिऊन दणकट होता. मी कोण, हे मात्र त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आणि कोरोनापासून मी रोज सकाळी गुळवेलीचा काढा पितोय, प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून. म्हणजे आतल्या रामजीला रोज घावणे. (चूक असेल तर कळव.)

तेवढ्यात तो काकीला घेऊन आला. "काकी, चोर गावला." तिने मान वर केली. "हा चोर माझाच आहे. लाव शिडी."

मी म्हटलं, थांब, आधी ऐक. उद्यापासून काढा नको. (जमिनीवर उभं राहून मला हे बोलता आलं नसतं.)

"कोरोनात कोणी वाचवलं तुम्हांला?"

"तुझ्या काढ्याने."

"मग?"

मी तुझं नाव पुढे केलं, स्नेहलने सांगितलंय म्हटलं. मग ती पदर पसरून म्हणाली, "आंबा टाका आधी. दोन्ही हात मोकळे ठेवून उतरा." रामजीने शिडी धरली. उतरताना त्याने माझा पायही धरला होता, माफीसाठी की खबरदारी म्हणून, ते कळलं नाही.

आंबा पेटीत सर्वांत वर आहे. देठ नीट तुटलेला नाही, पण मी तोडला आहे.

तुझा,
हरिश्चंद्रकाका

ता. क. 'उद्यापासून' हा शब्द तुझ्या नजरेतून सुटला नसेल. काढा आज सकाळपर्यंत चालू होता. तेव्हा रक्ताची तारीख महिनाभर पुढे ढकल. पत्र त्यासाठीच लिहिलं.

आणखी एक. काकीला तू फोन कर. काढा वाईट होता असं म्हणू नकोस. त्याचं काम झालं, असं म्हण.

सकाळी. पत्र टाकायचं राहिलं म्हणून हेही लिहितो. आज हिने मला चहा दिला. सवयीने काढा केलेलाच होता, तो रामजीला दिला. त्याने एका दमात संपवला. मग मी वर्तमानपत्र आणायला निघालो, तर बागेच्या दगडी गडग्यापाशी त्याने मला अडवलं आणि विचारलं, "काका, काकींना विचारलंत?"