समोरच्या खोलीची भिंत

मी, मनकर्णाबाई उकंडराव वायाळ, वय एकाहत्तर, धंदा शेती, राहणार डोणगाव, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र राजीखुशीने व कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. मला पिकासो आवडतो म्हणून ते ठिकाणावर नाही, असे गावात काही जण समजतात. त्यांच्या समाधानासाठी खाली डॉक्टरांची सही घेतली आहे.

१. गावालगतची ओलिताची जमीन मुलगा गोपाल व मुलगी पुष्पांजली यांना निम्मी-निम्मी मिळावी. पुष्पांजली ड्रॉइंग टीचर आहे, तिला शेत कशाला, असे कोणी म्हणू नये. मी म्हणत नाही.

२. घर माझ्या नावावर आहे. त्यातील समोरची खोली सून प्रेरणा हिच्या एकटीच्या मालकीची राहील. बाकी घर गोपालचे. याचे कारण लिहिणे भाग आहे.

माझी थोरली मुलगी संजीवनी लहानपणीच तापाने गेली. त्या दिवशी कपाटाच्या आरशात मला माझे तोंड दिसले. डोळे जागेवर नव्हते, जबडा भलतीकडेच गेला होता. पुढे पुष्पांजलीच्या कॉलेजच्या पुस्तकात पिकासोने काढलेली रडणारी बाई पाहिली, दातात रुमाल, चेहऱ्याचे तुकडे. या माणसाला रडणे माहीत आहे, एवढे मला कळले. पुष्पांजलीला स्वतःला व्हॅन गॉगची सूर्यफुले आवडतात, तरी तिने ते पान फ्रेम करून दिले. यजमानांना राजा रविवर्म्याची लक्ष्मी प्रिय. पण समोरच्या खोलीत खिळा त्यांनीच ठोकला. म्हणाले, "मले यातलं काही समजत नाही. तुले आवडते ना? मंग लाव."

माझे दीर हिंमतराव मात्र दर सणाला येऊन म्हणत, "वहिनी, याले काय कला म्हनाव? माह्या वासराच्या शेपटीले रंग लावला तं तेही काढीन." मी म्हणे, काढू द्या, चांगले निघाले तर तेही लावीन.

यजमान गेल्यावर गोपालची सोयरीक जुळत आली. मुलीकडचे लोक आमचे घर पाहायला येणार होते, त्या सकाळी चित्र भिंतीवर नव्हते. धान्याच्या कोठीमागे सापडले.

"काऊन काढलं?" मी विचारले.

"पाहुणे येऊन राह्यले, आई. ते भुताचं तोंड पाहून परत जातीन."

मी स्टुलावर चढून लक्ष्मी उतरवली. गोपालचा आमदारासोबतचा फोटो उतरवला, त्याने हौसेने आणलेला धबधब्याचा देखावाही. पाहुणे नुसत्या खिळ्यांखाली बसून पोहे खाऊ लागले. गोपालने मान वर केली नाही.

प्रेरणा सोबत आली होती. तिनेच विचारले, "काकू, इतके खिळे अन् एकही फोटो नाही?"

मी खरे ते सांगितले आणि चित्र आणून तिच्या हातात दिले. तिने बराच वेळ पाहिले. "मले नाही आवडलं, काकू. तुमची लक्ष्मी आवडली असती. पन घर तुमचं हाय, चित्र कोठीमागं काऊन?"

लग्न झाले. चित्र परत लागले. आजही तिला ते आवडत नाही, आणि त्यावर आमचे भांडण होते तेव्हा मला बरे वाटते.

३. म्हणून ती खोली, ती भिंत व ते चित्र प्रेरणाचे. ठेवायचे की काढायचे, ते तिने ठरवावे आणि तिनेच हाताने करावे. गोपालने त्या भिंतीला हात लावू नये.

४. तेरवीला माझा फोटो लावाल, त्यात फोटोवाल्याकडून माझा रंग उजळून घेऊ नये, मागे हिमालय टाकू नये. मी हिमालयात गेलेले नाही.

ठिकाण : डोणगाव. दिनांक : १२ फेब्रुवारी २०२४.

सही : मनकर्णाबाई उकंडराव वायाळ

साक्षीदार १ : डॉ. धम्मरत्न वानखडे. तपासले, प्रकृती व स्मरण उत्तम.

साक्षीदार २ : हिंमतराव वायाळ. वहिनींनी माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली. चित्राबद्दल माझे मत बदललेले नाही.