लोखंडाचा सेल आणि माझा शांत स्वभाव

सोमवार, ३ तारीख. सकाळ.
आजपासून राग बंद. शेजाऱ्याच्या टाळक्यात छत्री घातली, तेव्हापासून लेक मला घरी एकटं ठेवत नाही. तिच्या बॅटरीच्या लॅबमध्ये एक खुर्ची दिली आहे. काम: बसणं, कशालाही हात न लावणं. डाव्या हाताचा मळ!

सोमवार, सायंकाळ.
लेकीचा सेल शर्टाच्या बटणाएवढा. आत आयर्न फ्लोराइड. लिथियम आला की फ्लोराइड लोखंडाला सोडून त्याच्याकडे जातं, चार्जिंगला परत घरी येतं. असं दोनशे वेळा न बिघडता झालं तर प्रोजेक्ट वाचेल. नाहीतर शुक्रवारी लेकीची नोकरी संपली. १६५ झाले. विरह आणि मीलन! चौथीचं कवितेचं पुस्तक आठवून डोळे भरून आले. मग खुर्ची करकरली म्हणून तिचा पाय मोडला. त्याला राग म्हणत नाहीत.

बुधवार.
१८७. सेल चार्ज करून फेऱ्या मोजणाऱ्या मशीनची टिकटिक भुजंगप्रयातात बसत नाही. लॅबमधल्या तंत्रज्ञाला सांगितलं. तो म्हणाला, आजोबा, ती वृत्तात नाही, व्होल्टेजवर चालते. उद्धट! दाराला लाथ घातली. दार शाबूत. माझा अंगठा सुजला.

गुरुवार, दुपारी ३.
१९७. तंत्रज्ञ मशीनच्या वायरशी खेळताना सापडला. घातपात! नाकावर ठोसा. रक्त बऱ्यापैकी. लेक ओरडली, बाबा, तो सैल वायर आवळत होता! ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. जाताना म्हणाली, हात मांडीखाली घालून बसा.

गुरुवार, सव्वाचार.
अजून १९७च. आमचा रेडिओ असा अडला की वडील त्याच्या डोक्यात एक हाणत, लगेच गायचा. हल्लीच्या पोरांना हे शास्त्र ठाऊक नाही. मशीनला हळूच थोपटलं. दोनदा हाताने, एकदा स्टुलाने. टिकटिक थांबली. झोप लागली बिचाऱ्याला.

शुक्रवार, सकाळ.
सेल मेला. विभागप्रमुखांना ठणकावून सांगितलं, हे त्या तंत्रज्ञाचंच काम. त्यांनी आलेख पुढे केला. रेघ १९७पर्यंत शहाण्या मुलीसारखी सरळ, काल ४.१२ला कड्यावरून कोसळलेली. म्हणाले, ४.१२ला त्याच्या नाकाला टाके पडत होते, आजोबा. ठोसा कुणाचा होता?
 लेकीने आपला कप आणि चपला पिशवीत भरल्या.

शुक्रवार, दुपार.
चालत घरी आलो. वाटेत लेकीने माझे दोन्ही हात घट्ट धरले होते. माया! रस्ता ओलांडून झाला तरी सोडले नाहीत. शेजारी समोरून येत होता.