दान्याचं शून्य, माझं शून्य

१२ जाने., रविवार
आईचं वर्ष झालं. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. मुलुंड-ठाण्यातून जमवता जमवता नाकी नऊ आले. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू, इथे उरलोय किती! बाकी सगळे इस्रायलला. आमचा दादासुद्धा.

जेवणं चालू असताना सारामावशी, आईची धाकटी बहीण, सगळ्यांसमोर म्हणाली, "आणलेली पोर ही, पण पोटची करणार नाही एवढं केलं हो हिने." मग कुणीतरी, "म्हातारीला भ्रम झालाय, मनावर घेऊ नको." मीच वाढत होते. भात खाली सांडला.

१४ जाने.
अठ्ठावन्न वर्षांची घोडी, सकाळभर आरशासमोर. नाक आईचं? कान? काही म्हणता काही कळेना.

दादाला फोन. "मावशीचं काय ऐकतेस!" आणि लगेच, मुलुंडला पाणी येतं का नीट. पाण्याची काळजी याला कधीपासून?

मी आईची आहे का, एवढंच हवंय. आणि नसेन तर ज्यू तरी आहे का? आमच्यात ते आईकडूनच येतं. मग दर शुक्रवारी दिवा लावते तो कुठल्या नात्याने?

२ फेब्रु., रविवार
दान्या (दादाचा मुलगा, टोरंटो) म्हणाला, "आत्या, थुंकी पाठव लॅबला. मीपण केलीय ती डीएनए टेस्ट." का हवीय ते त्याला सांगितलं नाही.

आधी अर्धा तास काही घ्यायचं नाही. सवयीने चहा प्यायले, परत थांबले. नळी भरता भरेना. तोंड कोरडं पडलंय. बोलते तरी कुणाशी? दूधवाला, आणि टीव्हीवरच्या त्या मेल्या सासूशी भांडण.

२२ फेब्रु.
कुणाचा फोन नाही. आईची खाट द्यायची होती कुणाला तरी. राहू दे.

११ मार्च, मंगळवार
रिपोर्ट आला. ज्यू: शून्य टक्के. बाकी सगळं हिंदुस्थान. वाट लागली. जेवले नाही.

१२ मार्च
शेवटी दान्याला सगळं सांगितलं. हसतच सुटला! "अगं आत्या, मलापण शून्यच. ह्या कंपनीकडे तुलनेला युरोपातले ज्यू. आपली कोकणातली माणसं त्यांनी पाहिलीच नाहीत, ओळखणार कशी?"

बरोबरच आहे. आमच्या लोकांनी शेकडो वर्षं कोकणात घाण्यावर तेल गाळलं, रक्तात कोकण उतरणारच. जीव भांड्यात पडला. सोलकढी केली, दोन वाट्या प्यायले.

त्याने सांगितलं, "नातेवाइकांची यादीपण असते, त्यात माझं नाव बघ." उद्या बघते.

१३ मार्च
यादीत दान्या नाही.

तीनदा पाहिलं. सख्खा भाचा, वरच्या वर यायला हवा. दान्या अख्खा आमच्या बाबांवर, त्याच्या आजोबांवर, गेलाय, तेव्हा गडबड त्याच्यात नाही.

यादीत चार जण आहेत, फार लांबचे. दोन गुजराती, एक मंगळुरी. चौथ्याचं आडनाव आमच्यातलं वाटलं, शेवटी 'कर'. पण कोकणात 'कर' कोण नाही? दान्या यादीत नाही म्हणजे मी आईची नाही, हे ठरलं. कुणाची, ते ह्या टेस्टच्या बापालाही ठाऊक नाही. ज्यू बाईची? असेन. नसेनही.

दान्यानेही पाहिलं असणार. मेसेज नाही त्याचा. आई गं, तू तरी सांगायचंस.

१६ मार्च, रविवार
दादाचा फोन. दान्याने यादीचं सांगितलं म्हणाला. मग, "मी नऊ वर्षांचा होतो. टॅक्सीत तुला माझ्या मांडीवर दिलं. आई म्हणाली, डोकं सांभाळ."

मी ओरडले. "आणि इतकी वर्षं गप्प बसलास?"

"आईने शपथ घातली होती गं."

रडले. तोही रडला, सदुसष्ट वर्षांचा बाप्या.

मग म्हणाला, "कुठून आणलं ते घर मी पाहिलंय. माणसं आहेत तिथे अजून. सांगू?"

ते घर आपल्यातलं असलं तर? नसलं तर? माझं आहे कोण, मी जाऊन बसू कुणाकडे?

थांब म्हटलं, गॅसवर दूध ठेवलंय. दूध-बिध काही नाही. फोन ओट्यावर ठेवून हे लिहितेय. त्यातून दादाचा आवाज येतोय. "आहेस ना गं?"