डोईवरून जाणारा माल

११ जानेवारी १९३७, भोर
नाना आज पुन्हा नदीच्या उतारावर, पायी पार होता येते तिथे. छत्री लावून दगडावर बसतो आणि नदी ओलांडणाऱ्या गाड्या मोजतो. संस्थानाकडे एकाच फरशीपुरते, पाण्यातून गाड्या जातील अशा एका दगडी बांधापुरते, पैसे आहेत. ती या उतारावर बांधायची की शिकारबंगल्याच्या वाटेवरच्या ओढ्यावर, ते नानाच्या आकड्यांवर ठरणार. आमचा धाकटा भाऊ, ओव्हरसियर, पन्नाशी ओलांडली, आणि अजून डबा विसरतो. मीच नेऊन दिला. शाळेतून निवृत्त झाले ती बहुधा यासाठीच.
"किती झाल्या?"
"एकही नाही, अक्का." चेहरा खरोखर पडलेला.

१३ जाने.
सखू तूप घेऊन आली. पलीकडच्या धनगरवाडीची. बाजाराला दुसऱ्यांचा तांदूळही वाहते. पाटी उतरवली आणि मान धरून बसली. गरम तेल चोळले. हाताला दगड लागावा तशी मान.
"थोडे दिवस सुनेला पाठव."
"न्हाई बाई. तिच्या डोईवं न्हाई द्याची. फरशी झाली की पाटी गाडीत. तवर म्या वडते."
"आणि नाही झाली तर?"
"तुमचं भाऊ मोजत्यात न्हवं? मग हुईल."
मी आणखी थोडे तेल घेतले.

१७ जाने.
नानाचा तक्ता तयार. जेवताना वाचून दाखवला, आमटी गार. हिशेब सरळ. फरशीला खर्च काय, आणि झाल्यावर लोकांचे दरसाल काय वाचेल: गाडीभाडे, मोडणारे आख, बैलांचे दिवस. बंगल्याच्या वाटेला थोड्या गाड्या, एक मोटार. वाचेल थोडे, पण वाचेल. उतारावर गाड्याच नाहीत, म्हणजे वाचणार शून्य. सबब फरशी बंगल्याला.
"मोटार कुणाची?"
"आमच्या कचेरीतल्या साहेबांची. पण अक्का, मी जातं ते मोजतो. कुणाचं जातं ते नाही."
खोटे बोलत नाही, हाच तर राग. मग पलीकडचा तांदूळ बाजारात येतो कसा? उडत? खरकट्या हाताने भांडलो.

१९ जाने. बाजार.
त्याला ओढून उतारावर नेले. म्हटले, आज नदी बघू नकोस, काठ बघ.
पलीकडे गाड्या सोडलेल्या, भरलेल्या. अलीकडेही गाड्या, दुसऱ्याच, रिकाम्या. मधे मांडीभर पाण्यात बायका. नदीतल्या गोट्यांवर गाडीचा आख मोडतो, म्हणून पलीकडे पोती सोडायची, पाट्या भरायच्या, बायकांनी डोईवरून आणायच्या, इकडच्या गाडीत पुन्हा भरायच्या. पिढ्यान्‌पिढ्या. गाडी थांबते, माल जातो. आणि आमचे ओव्हरसियर गाडीची वाट पाहत बसलेले.
नाना तसाच चार पावले पुढे गेला. मग म्हणाला, "रोज बघत होतो यांना. पायी जाणाऱ्यांना तक्त्यात रकाना नाही, अक्का."
तोंडावर पुष्कळ आले होते. पण तो वहाणांसकट पाण्यात उभा होता आणि त्याला ते कळलेही नव्हते. हाताला धरून काठावर आणले.

२४ जाने.
नवा पेच. बैलाच्या दिवसाला कचेरीचा दर आहे, बाईच्या डोईला नाही. नाना म्हणतो, घरच्याच बायका, त्यांना कोण मजुरी देतं? दर काढू कशातून?
"बैलाला तरी कोण देतं?"
हसला. म्हटले, याच बायका दुसऱ्याच्या शेतात भातलावणीला जातात तेव्हा जे मिळते, ते धर. तेवढा त्यांचा दिवस नदीत जातो. तसे लिहिले. मी शिकले त्या कॉन्व्हेंटात गणित चुकले की सिस्टर बोटांवर पट्टी मारीत. असले गणित मात्र त्यांनी कधी घातले नाही. कचेरीत धाडायला हवी होती एखादी, पट्टीसकट.

२७ जाने.
सखू: "मला धरलंय का मोजणीत?"
"धरलंय."
"पाटीसंगट?"
"पाटीसकट."
"मग सांच्याला आनि एक खेप मारू का? तेवढंच वाढंल की!"
नानाने गंभीरपणे समजावले, तसे चालत नाही. मग आत येऊन भिंतीला टेकून हसला. किती दिवसांनी.

६ फेब्रु.
नव्या तक्त्यात उतार पुढे, बंगला मागे. आज कचेरीत वाचला गेला. साहेब म्हणाले, "बायका फुकट वाहतात. ते वाचवून संस्थानाला काय मिळणार?"
आणि नाना, जो शिपायालाही 'होय साहेब' म्हणतो तो नाना, म्हणाला, "संस्थानाला नाही साहेब. त्यांना."
"मग?" मी विचारले.
"मग कागद ठेवून जा म्हणाले."
भातावर तूप जास्त वाढले. कौतुक केले नाही, सवय लागेल.

२ मार्च
कचेरीतून शब्द नाही. बंगल्याच्या वाटेवर आखणीच्या खुंट्या ठोकल्यात म्हणे. कुणी म्हणते, त्या जुन्या. नाना विचारायला जात नाही. मीही जा म्हणत नाही. नुसते दोघे एकमेकांना चहा विचारतो.

९ मार्च
"बाई, तूप." आवाज सखूचा नाही. दारात सून. सासूची मान वळेना, उठवत नाही. पोरगी घामाघूम, चुंबळ कलती, पाटी दोन्ही हातांनी धरलेली. मीच उतरवली. केवढी जड! इतकी वर्षे तूप घेतले, पाटी कधी उचलली नव्हती.
"आत्याबाईंनी इचारून ये म्हटलंय. फरशीचं काय झालं?"
नाना आतून आला. तिच्याकडे पाहिले, खुंटीवरची टोपी घेतली. "कचेरीत जाऊन येतो."
दोन प्रहर टळले. अजून आलेला नाही. तांदूळ बाजारात टाकून आलेली सूनबाई ओट्यावर, रिकामी पाटी मांडीवर. जेवली. जाते म्हणाली, उशीर होतोय, परत जाताना मीठमिरची न्यायची आहे.
म्हटले, थांब गं जरा, नाना येऊ दे.